सामन्यामागे तीन स्टील, चार वर्षांचे दहा कोटी डॉलर: डायसन डॅनियल्सचा करार महाग की स्वस्त?

२०२४-२५ च्या हंगामात एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या अटलांटा हॉक्सच्या डायसन डॅनियल्सने २२९ वेळा समोरच्याचा चेंडू पळवला, म्हणजे ‘स्टील’ केली. सरासरी काढली तर सामन्यामागे तीन. १९९०-९१ मध्ये ॲल्विन रॉबर्टसनने गाठलेला हा पल्ला त्यानंतर एनबीएत कुणालाही जमला नव्हता. पोरगा ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोचा, म्हणून तिथल्या ग्रेट बॅरिअर रीफवरून चाहत्यांनी त्याचं नाव ‘ग्रेट बॅरिअर थीफ’ करून टाकलं. लीगमधला सर्वोत्तम बचावपटू निवडण्याच्या मतदानात तो दुसरा आला. आणि त्याच हंगामात हॉक्स ४० सामने जिंकून ४२ हरले. प्लेऑफच्या दारातूनच परत फिरले.

२० ऑक्टोबर २०२५ ला क्लबने या बावीस वर्षांच्या खेळाडूशी चार वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा करार केला. रुपयांत साडेआठशे कोटींच्या वर. मग सकाळी सहाला चहाच्या कपाबरोबर सामना बघणाऱ्या आपल्याकडच्या ग्रुपांपासून थेट अटलांटापर्यंत वाद पेटला. एक गट म्हणतो, लीगमधला पहिल्या नंबरचा चोर हातात आहे, सोडायचा कसा? दुसरा विचारतो, एवढा भारी बचावपटू असून संघाचा बचाव पहिल्या दहात का नाही?

दोघांचंही बरोबर आहे, कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बचाव मोजायचा कसा हा एक, आणि खेळाडूची किंमत कधी ठरवायची हा दुसरा.

बचाव मोजायचा तर आधी ताबे मोजा

एनबीएत एका सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण शंभर ताबे येतात. चेंडू हातात आल्यापासून तो समोरच्याकडे जाईपर्यंत एक ताबा. ताबे कुणी बसून मोजत नाही, हिशेबाने काढतात: मारलेले फटके, अधिक फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या विनाअडथळा फटक्यांच्या) ०.४४ पट, वजा स्वतःच्याच चुकलेल्या फटक्यावर परत मिळवलेले रिबाउंड, अधिक गमावलेले चेंडू. ०.४४ अशासाठी की फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, शिवाय काही वेळा बास्केट होऊन वर एक मिळतो. समजा, समोरच्या संघाने ८८ फटके मारले, २२ फ्री थ्रो घेतले, १० रिबाउंड परत मिळवले आणि १३ चेंडू गमावले. ताबे झाले सुमारे १०१. त्यात त्यांनी ११४ गुण केले असतील, तर शंभर ताब्यांमागे ११३. हेच ‘डिफेन्सिव्ह रेटिंग’. क्रिकेटमधल्या गोलंदाजाच्या इकॉनॉमीसारखं. कमी तितकं चांगलं.

आता स्टीलकडे परत या. डॅनियल्स सामन्यात चौतीसेक मिनिटं खेळतो, म्हणजे बचावाचे सत्तरेक ताबे त्याच्या समोरून जातात. त्यातले तीन त्याने पळवले. उरलेल्या सदुसष्टांचं काय झालं, हे धावफलकावरच्या त्या रकान्यात दिसत नाही.

पळवायला जाण्याला किंमतही असते. हाताने चेंडूवर झडप घातली आणि चुकली, की समोरचा मोकळा सुटतो आणि मागे चौघांना पाच जण धरावे लागतात. सोयीसाठी धरू, की नेहमीच्या ताब्यात १.१३ गुण जातात आणि झडप फसल्यावर १.४. दहा वेळा जागेवर उभं राहिलं तर ११.३ गुण गेले. दहा झडपांपैकी एकच साधली तर उरलेल्या नवांत १२.६ गेले, म्हणजे तोटा. दोन साधल्या तर ११.२, जवळपास बरोबरी. तीन साधल्या तर ९.८, आणि वर पळवलेल्या चेंडूवर मिळणारी मोकळी धाव वेगळी. म्हणून प्रश्न किती स्टील झाल्या हा नसून किती झडपांत झाल्या हा आहे. डॅनियल्सच्या बाजूने बोलणारी गोष्ट अशी, की तो आंधळा जुगार खेळत नाही. सहा फूट सात इंच उंची आणि लांब हात यांच्या जोरावर तो आपल्या माणसासमोर राहूनच चेंडूला बोट लावतो. नुसता हात लागून दिशा बदललेले चेंडू मोजले, तरी त्या हंगामात तोच सर्वांत पुढे होता.

कबड्डी बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उजवा कोपरा एकट्याने झेपावला आणि पकड फसली, की साखळी तिथेच सुटते आणि चढाईवीर गुण घेऊन परततो. पण कोपऱ्याने घोट्याला हात घातला त्याच क्षणी कव्हर आत आला, तर तीच उडी शहाणपणाची ठरते. उडीची गुणवत्ता अर्धी मागच्यांवर ठरते.

स्क्रीन लागली की पुढच्या चार सेकंदांत काय होतं

एवढा चांगला बचावपटू असून संघाचा बचाव मध्यमच का, याचं उत्तर इथे आहे. त्या हंगामातला एक नेहमीचा प्रसंग घ्या. समोरच्या संघाचा सर्वोत्तम गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा खेळाडू, चेंडू घेऊन वरच्या बाजूला उभा आहे आणि त्याच्यासमोर डॅनियल्स. हा गार्ड डॅनियल्सला सरळ भिडतच नाही. तो हाताने खूण करतो, आणि हॉक्सचा तेव्हाचा गार्ड ट्रे यंग ज्याला धरून उभा आहे तो खेळाडू कोपऱ्यातून चालत वर येतो. यंग चेंडू खेळवण्यात लीगमधल्या मोजक्यांपैकी एक, पण अंगकाठीने लहान. तो खेळाडू डॅनियल्सच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. ही स्क्रीन.

आता हॉक्सपुढे तीन-चार वाटा. माणसं बदलायची, म्हणजे ‘स्विच’: डॅनियल्स स्क्रीन लावणाऱ्याकडे, यंग गार्डसमोर. समोरच्याला नेमकं हेच हवं होतं. एक पास न देता त्याने तुमचा सर्वांत चांगला बचावपटू बाजूला काढला. दुसरी वाट, यंगने दोन पावलं पुढे येऊन गार्डला थोपवायचं आणि डॅनियल्स सुटून येताच आपल्या माणसाकडे परत पळायचं. यात स्विच टळतो, पण ते दीड-दोन सेकंद स्क्रीन लावणारा मोकळा असतो. तिसरी, दोघांनी मिळून गार्डला घेरायचं; तो डोक्यावरून पास देतो आणि मागे चार विरुद्ध तीन. चौथी, डॅनियल्सने स्क्रीनच्या खालून जायचं. गार्डला बाहेरून निवांत फटका मिळतो.

कुठलीही वाट धरा, भार पलीकडच्या कोपऱ्यातल्या बचावपटूवर येतो. बास्केटकडे कुणी मोकळा पळाला, तर त्याने दुसरं पाऊल टाकण्याआधी हा आत पोचला पाहिजे. तो आधीच रिंगखाली का उभा राहत नाही? कारण एनबीएत परवानगी नाही. हाताच्या अंतरावर आपला माणूस नसेल, तर बचावपटूला रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. थांबला तर समोरच्याला एक फ्री थ्रो आणि चेंडू त्यांच्याकडेच. म्हणून टीव्हीवर ही मंडळी सारखी आत-बाहेर उड्या मारताना दिसतात.

तो आत आला की त्याचा कोपरा उघडा पडतो. कोर्टाची रुंदी ५० फूट. तीन गुणांची रेषा वरच्या बाजूला रिंगपासून २३ फूट ९ इंच, पण कोपऱ्यात फक्त २२ फूट. तिथे रेषा आणि कडेच्या मध्ये जेमतेम तीन फुटांची पट्टी उरते. त्या पट्टीत उभ्या असलेल्या नेमबाजाला तीन गुणांचा सगळ्यात जवळचा फटका मिळतो. चांगले संघ तिथे दुसऱ्या एकाला पळवतात, त्याची जागा तिसरा भरतो, आणि हे सगळं बोलत बोलत, चार सेकंदांत. एकाला अर्धा सेकंद उशीर झाला की साखळी संपली.

चाहत्यांच्या भांडणात एक चूक नेहमी होते. समोरच्या संघाचे बाहेरचे फटके एखाद्या हंगामात जास्त पडले की ‘यांचा बचाव ढासळला’ असं म्हणतात. मोकळ्या माणसाचा फटका पडणं न पडणं बरचसं त्याच्याच हातात असतं. बचाव पारखायचा तर समोरच्याला रिंगजवळून आणि कोपऱ्यातून किती फटके मारू दिले, ते बघावं. तसंच ‘हा मैदानावर असताना रेटिंग इतकं, नसताना इतकं’ हा आकडाही एकट्याने वाचू नये. तो मैदानावर असताना बरोबर कोण होतं, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

पगाराची मर्यादा आहे, पण वाकणारी

आयपीएलमध्ये २०२५ च्या संघबांधणीसाठी १२० कोटींची पिशवी होती. संपली की संपली. एनबीएतली मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, तशी नाही. २०२५-२६ साठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. बाहेरचा खेळाडू आणायचा तर साधारणपणे तिच्या आत जागा हवी. पण स्वतःच्या खेळाडूला ठेवण्यासाठी ती ओलांडता येते. तीन हंगाम करार बदलून दुसरीकडे न गेलेल्या खेळाडूवर क्लबचा हा हक्क पूर्ण असतो. बोस्टनच्या लॅरी बर्डवरून त्याला ‘बर्ड राइट्स’ म्हणतात. मधे ट्रेड, म्हणजे क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल, झाला तर हक्क खेळाडूबरोबर नव्या क्लबकडे जातो. डॅनियल्सला २०२२ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) न्यू ऑर्लिन्सने आठव्या क्रमांकावर निवडलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तो ट्रेडमधून अटलांटाला आला, तरी हॉक्सच्या हातात हक्क होता तो यामुळे.

मग क्लब सगळ्यांनाच का ठेवत नाहीत? वर आणखी तीन रेषा आहेत; आकडे २०२५-२६ चे. १८ कोटी ७९ लाखांच्या वर गेलं की चैनीचा कर. १९ कोटी ५९ लाखांवर पहिलं ‘एप्रन’, २० कोटी ७८ लाखांवर दुसरं. दुसऱ्याच्या वर गेलेल्या क्लबला दोन पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू ट्रेडमध्ये घेता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवडसुद्धा गोठते. कराचे पैसे मालक भरेल. हातपाय बांधले जातात त्याचं काय करणार?

नव्या खेळाडूचा करार आणि आरटीएम

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे होतो: दोन वर्षं पक्की, पुढची दोन क्लबच्या मर्जीवर. तीन हंगाम झाले की चौथा सुरू होण्याआधी नवा करार करता येतो. त्याची मुदत साधारण हंगामाच्या आदल्या दिवशी संपते. डॅनियल्सने सही केली ती याच मुदतीच्या दिवशी.

सही झाली नाही, तर चौथ्या हंगामानंतर क्लब एक वर्षाचा ठरावीक देकार ठेवतो आणि खेळाडू ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ होतो. म्हणजे मोकळा, पण दोरी बांधलेला. दुसऱ्या क्लबने त्याला लेखी बोली दिली, तर जुन्या क्लबला एक-दोन दिवसांत तीच बोली मान्य करून त्याला ठेवता येतं. आयपीएलचं आरटीएम कार्ड आठवा. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात हैदराबादने अर्शदीपवर १५.७५ कोटी लावले, पंजाबने कार्ड काढलं, हैदराबादने शेवटची उडी १८ कोटींवर नेली आणि पंजाबने तेवढे देऊन त्याला ठेवलं. एनबीएत ती शेवटची उडी नाही. बोली एकदाच, बंद मुठीसारखी.

‘थांबले असते तर स्वस्तात मिळाला असता ना?’

मिळाला असता कदाचित, आणि २०२५ चा उन्हाळा त्याला साक्ष आहे. बाजारात मोठी रिकामी जागा फक्त ब्रुकलिनकडे होती. त्यामुळे दोरी बांधलेले चौघे सप्टेंबरपर्यंत लोंबकळले. शिकागोच्या जॉश गिडीला अखेर चार वर्षांचे दहा कोटी मिळाले. गोल्डन स्टेटच्या जोनाथन कुमिंगाने दोन वर्षांचा करार घेतला, त्यातलं दुसरं वर्ष क्लबच्या मर्जीचं. कॅम थॉमस आणि क्वेंटिन ग्राइम्स यांनी एका वर्षाचा ठरावीक देकारच उचलला, अनुक्रमे सुमारे ६० लाख आणि ८७ लाख डॉलर.

‘बघा, थांबण्यातच शहाणपण,’ असं म्हणणाऱ्यांनी शेवटची दोन नावं पुन्हा वाचावीत. एका वर्षाचा देकार स्वीकारणारा खेळाडू पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण मोकळा होतो, आणि ते वर्षभर त्याच्या संमतीशिवाय त्याला ट्रेडही करता येत नाही. पैसे वाचले, पण खेळाडू हातातून जायच्या मार्गावर.

इतर क्लब बोली का लावत नाहीत, तेही कळण्यासारखं आहे. बोली दिली की उत्तर येईपर्यंत तेवढी जागा अडकून पडते, आणि बहुतेक वेळा जुना क्लब ती मान्य करतो. २०२२ मध्ये इंडियानाने डिआंड्रे एटनला चार वर्षांचे सुमारे १३ कोटी ३० लाख देऊ केले. फीनिक्सने त्याच दिवशी होकार कळवला. पण अशा होकारालाही अट असते: वर्षभर खेळाडूच्या मर्जीविरुद्ध ट्रेड नाही, आणि बोली लावणाऱ्या क्लबला तर मुळीच नाही. फीनिक्सने २०२३ च्या सप्टेंबरात एटनला पोर्टलंडला धाडलं, वर्ष उलटल्यावर.

‘नुसत्या बचावाला वर्षाला अडीच कोटी?’

अडीच कोटी हा आकडा एकटा ऐकला की डोळे विस्फारतात. २०२५-२६ च्या मर्यादेशी ताडून बघा: सोळा टक्के. या वयाच्या खेळाडूला नेहमीच्या नियमाने जास्तीत जास्त पंचवीस टक्के देता येतात. शिवाय करार सुरू होतो २०२६-२७ पासून, आणि मर्यादा वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढू शकते. ती चढत राहिली तर हीच रक्कम दरवर्षी मर्यादेच्या मानाने लहान होत जाईल.

बचावाला नियमातच किंमत आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. क्लीव्हलँडच्या इव्हान मोबलीने २०२४ मध्ये पाच वर्षांचा २२ कोटी ४० लाखांचा करार केला. त्यात कलम होतं, सर्वोत्तम बचावपटूचा किताब मिळाला तर पंचवीसऐवजी तीस टक्के. २०२५ मध्ये डॅनियल्सला मागे टाकून किताब त्यालाच मिळाला आणि करार २६ कोटी ९० लाखांवर गेला. एका मतदानाने साडेचार कोटी. क्लीव्हलँडने २०२५-२६ चा हंगाम दुसऱ्या एप्रनच्या वर सुरू केला, त्यात या वाढीचाही हात आहे.

आणि गिडीची गोष्ट तर या वादाचं उलटं टोक. तो मुळात ओक्लाहोमा सिटी क्लबचा खेळाडू. वय एकवीस, पास देण्यात हुशार, बचावात कच्चा. जून २०२४ मध्ये ओक्लाहोमाने त्याला शिकागोला दिलं आणि बदल्यात तिशीतला ॲलेक्स करूसो घेतला, ज्याची ओळखच बचाव. होतकरू पोरगा देऊन म्हातारा आणला म्हणून तेव्हा नाकं मुरडली गेली. पुढच्या हंगामात ओक्लाहोमाने ६८ सामने जिंकले, बचावात लीगमध्ये पहिले आले आणि विजेतेपद घेतलं. वाटेत डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात सहा फूट पाच इंचांचा करूसो जवळपास सात फुटी निकोला योकिचला अडवत होता. त्या संघात लपवावा लागेल असा बचावपटूच मैदानावर सापडत नसे. स्क्रीनला कुणाला बोलवायचं, हाच समोरच्यांना पेच. त्या हंगामात यंगच्या बाजूला डॅनियल्स आणि करूसोच्या बाजूला तसाच कडक बचावपटू लू डॉर्ट, फरक इथे होता. मला विचाराल तर अटलांटाने योग्य माणसाला योग्य भावात ठेवलं. कुंपणाला भोक दुसरीकडे होतं.

शंका घ्यायचीच तर ती नेमबाजीवर घ्यावी. मटीस थायबुलचं उदाहरण समोर आहे. फिलाडेल्फियात असताना दोनदा लीगच्या बचाव-संघात निवड, पण फटका पडेना, म्हणून प्लेऑफमध्ये समोरचे त्याला मोकळं सोडून इतरांना घेरायचे. २०२३ च्या फेब्रुवारीत क्लबने त्याला पोर्टलंडला दिलं. त्या उन्हाळ्यात डॅलसने तीन वर्षांची ३ कोटी ३० लाखांची बोली लावली आणि पोर्टलंडने ती मान्य केली. म्हणजे त्याचा भाव डॅनियल्सच्या निम्म्याहून कमी. डॅनियल्सने अटलांटातल्या पहिल्या हंगामात सामन्यामागे १४ गुण केले आणि तीन गुणांचे सुमारे ३४ टक्के फटके टाकले. भाव वर गेला तो या ३४ मुळे. हा आकडा तिशीकडे घसरला, तर याच अडीच कोटींवरून वेगळंच भांडण होईल.

‘नाही जमलं तर ट्रेड करू’

सही झाल्यावर लगेच हा विचार करणाऱ्यांसाठी एक आडवा नियम आहे. नवा करार सही झालाय पण सुरू झालेला नाही, या काळात ट्रेड केला तर दोन क्लबांचा हिशेब वेगळा धरतात. देणाऱ्या अटलांटासाठी डॅनियल्सचा पगार त्या वर्षाचाच, म्हणजे सुमारे ७७ लाख डॉलर. घेणाऱ्यासाठी मात्र जुनं वर्ष आणि नवी चार मिळून सरासरी: १० कोटी ७७ लाख भागिले पाच, सुमारे २ कोटी १५ लाख. दोन्ही बाजूंचे पगार ट्रेडमध्ये जुळवावे लागतात, आणि इथे एकच खेळाडू एकीकडे ७७ लाखांचा आणि दुसरीकडे दोन कोटींच्या वरचा. असे सौदे क्वचितच जमतात. म्हणून ऑक्टोबरात सही केलेला खेळाडू निदान जूनअखेरपर्यंत तरी बहुधा आहे तिथेच राहतो.